विसरलेल्यांचें स्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवांत, वृद्ध व आजारी यांच्या दिवशीं, पवित्र मिस्सानंतर केलेलें भाषण)



महोत्सव म्हणजे स्मरणाचा उत्सव होय. गेला आठवडाभर आपण आठवणींतच वावरत आहों. या मंदिराच्या पायाचे दगड कोणीं वाहिले, पहिली घंटा कोणीं वाजविली, पहिल्या वर्षीं कोणकोणत्या बालकांचा बाप्तिस्मा झाला, हें सर्व आपण जुन्या वह्या उघडून मोठ्या प्रेमानें वाचलें. परंतु आज पुढच्या बांकांवर बसलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांत कांहीं असे आहेत कीं, ज्यांना या आठवणींपैकीं एकही आतां राहिलेली नाहीं. आणि कांहीं तर येथें आलेलेच नाहींत. त्यांना घरांतून बाहेर आणण्याची घरच्यांना लाज वाटते किंवा भीति वाटते. स्मरणाच्या उत्सवांत ज्यांचें स्मरण गेलें आहे त्यांच्याविषयीं बोलावें, असें माझ्या मनानें घेतलें आहे.

आरंभीं मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना, मी दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीं आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जात असें. त्यांत एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांची स्मृति हळूहळू जात चालली होती. प्रथम ते माझें नांव विसरले, मग मी कोण हें विसरले, आणि एके दिवशीं त्यांनीं प्रसाद तोंडांतून बाहेर काढून हातांत धरला व माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्या सुनेला म्हणालों, "बाई, आतां यांना कांहीं समजत नाहीं. यापुढें मी आलों नाहीं तरी चालेल." आणि मी जाणें बंद केलें. वर्षभरानें अंत्यकाळचा तैलाभ्यंग देण्यासाठीं मला बोलावणें आलें. सर्व विधि आटोपल्यावर ती सून मला म्हणाली, "फादर, सकाळची घंटा झाली कीं बाबा सदऱ्याच्या गुंड्या लावून ओट्यावर येऊन बसत. कोणाची वाट पाहतां म्हणून विचारलें, तर त्यांना सांगतां येत नसे." तिनें मला दोष दिला नाहीं. पण त्या दिवसापासून "यांना कांहीं समजत नाहीं" हें वाक्य मीं पुन्हां उच्चारलेलें नाहीं.

त्यानंतर या व्याधीविषयीं मिळेल तें वाचण्याचा मीं परिपाठ ठेवला. वाचतां वाचतां एका जपानी विद्वानाच्या चरित्राची मला ओळख झाली. त्यांनीं आपलें सारें आयुष्य याच व्याधीच्या अभ्यासांत घालविलें, आणि शेवटीं ते स्वतःच तिच्या हातीं सांपडले. त्यांचें नांव डॉक्टर काझुओ हासेगावा. ते जन्मले १९२९ सालीं व निवर्तले २०२१ सालीं. त्यांच्या चरित्राच्या आधारेंच आज मी बोलणार आहें.

प्रथम व्याधीविषयीं थोडेंसें सांगतों. आपल्या घरोघरीं एक म्हण आहे, "साठी बुद्धि नाठी." म्हणजे म्हातारपण आलें कीं बुद्धि जायचीच, त्यांत नवल तें काय, अशी आपली समजूत. ही समजूत खोटी आहे. चष्मा कोठें ठेवला हें विसरणें निराळें, आणि चष्मा कशासाठीं असतो हें विसरणें निराळें. दुसऱ्या प्रकारास वैद्यकांत डिमेन्शिया म्हणतात, मराठींत स्मृतिभ्रंश. तो म्हातारपणाचा स्वभाव नसून मेंदूचा आजार आहे. १९०६ सालीं जर्मनींत ट्यूबिंगेन येथें डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं ज्या स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचें वर्णन प्रथम विद्वानांपुढें मांडलें, तिचा आजार ती पन्नाशींत असतांनाच पुढें आला होता. आपल्या भारतांत साठीच्या वरच्या माणसांपैकीं शेंकडा सात-साडेसात माणसांस, म्हणजे सुमारें ८८ लक्ष लोकांस हा आजार असावा, असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत बांधला आहे. याचा दुसरा अर्थ असा कीं, शंभरांतील नव्वदांहून अधिक वृद्धांस तो नाहीं. तेव्हां आई-वडील गोंधळल्यासारखे वागूं लागले, तर "वय झालें" म्हणून स्वस्थ बसूं नये, डॉक्टरांस दाखवावें. कित्येकदां थायरॉइडचा दोष, बी-१२ या जीवनसत्त्वाची उणीव किंवा मनाचें औदासीन्य यांमुळेंही तसें होतें, आणि तें औषधानें सुधारूं शकतें. खऱ्या स्मृतिभ्रंशास मात्र मुळापासून बरें करणारें औषध अद्याप सांपडलेलें नाहीं. म्हणूनच त्यांत शुश्रूषेला एवढें महत्त्व आहे.

आतां डॉ. हासेगावांकडे वळूं. टोकिओच्या जिकेई वैद्यक विद्यालयांतून ते १९५३ सालीं पदवीधर झाले व मानसरोगांच्या अभ्यासाकडे वळले. वृद्धांची पाहणी करण्याचें काम हातीं आलें, तेव्हां त्यांच्या गुरूंनीं त्यांना बजावलें कीं, आज एकास आजारी ठरविलें आणि उद्यां तशाच दुसऱ्यास निरोगी ठरविलें असें होऊं नये, त्यासाठीं सर्वांना एकच माप लावलें पाहिजे. त्या सूचनेंतून १९७४ सालीं त्यांची प्रश्नावली निर्माण झाली. १९९१ सालीं ती सुधारण्यांत आली, आणि जपानभर ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. प्रश्न अवघे नऊ, गुण तीस. तुमचें वय काय? आज तारीख कोणती, वार कोणता? आपण आतां कोठें आहों? मग तीन शब्द सांगावयाचे, जसे चेरीचें फूल, मांजर व आगगाडी, आणि थोड्या वेळानें ते पुन्हां विचारावयाचे. शंभरांतून सात वजा करा, आणखी सात वजा करा. आंकडे उलट क्रमानें म्हणा. पांच वस्तु दाखवून झांकावयाच्या व कोणत्या होत्या तें विचारावयाचें. शेवटीं भाज्यांचीं नांवें. वीस किंवा त्याहून कमी गुण पडले तर आजाराची शंका घ्यावी.

हें माप साधें असल्यामुळें खेड्यांतल्या डॉक्टरासही वापरतां आलें. परंतु तें निर्माण करणारा मनुष्य स्वतः फार सावध होता. ही शाळेंतली परीक्षा नव्हे, असें ते पुन्हां पुन्हां सांगत. ज्यानें संसार केला, मुलें वाढविलीं, धंदा सांभाळला, अशा वृद्धास एखाद्या पोरसवदा डॉक्टरानें एकदम "शंभरांतून सात गेले किती?" असें विचारणें हा त्याचा अपमान आहे. आधीं विनंति करावी, त्याची संमति घ्यावी, मग विचारावें. आणि नुसत्या गुणांवरून निदान करूं नये. मोजण्याचें साधन ज्यानें दिलें त्यानेंच मनुष्य मोजला जात नाहीं हेंही शिकविलें, ही गोष्ट मला विशेष वाटते.

१९७३ सालीं ते कावासाकी येथील सेंट मारियाना वैद्यक विश्वविद्यालयांत प्राध्यापक झाले, व पुढें त्याच संस्थेचे प्रमुखही झाले. ही संस्था कॅथलिक तत्त्वांवर उभारलेली आहे, आणि डॉ. हासेगावा स्वतः ख्रिस्तश्रद्धावंत होते. ज्या देशांत ख्रिस्ती लोक शेंकडा एकाच्या आसपास आहेत, त्या देशांत वृद्धसेवेचा एक मोठा प्रवाह अशा ठिकाणाहून वाहिला, हें आपण ध्यानांत ठेवावें.

त्या काळीं जपानांतील परिस्थिति आपल्याकडील आजच्या परिस्थितीहून फारशी निराळी नव्हती. घरांत असा वृद्ध असला कीं त्याला मागच्या खोलींत ठेवीत. इस्पितळांत त्याला खाटेस बांधून ठेवण्याचीही रीत होती. सारा भार सुनेवर असे व ती कोणाजवळ बोलत नसे. १९७२ सालीं सावाको आरियोशी या लेखिकेनें अशाच एका सासऱ्याची व त्याची सेवा करणाऱ्या सुनेची कादंबरी लिहिली, ती लक्षावधि लोकांनीं वाचली, आणि घराघरांतलें झांकलेलें दुःख प्रथमच चव्हाट्यावर आलें. पुढील दशकांत डॉ. हासेगावांनीं आपल्या इस्पितळांत या रुग्णांसाठीं दिवसाचें सेवाकेंद्र चालविलें. रुग्णानें दिवसां यावें, गाणीं गावींत, हातानें कांहीं करावें, आणि तेवढ्या वेळांत घरच्या माणसानें विसांवा घ्यावा, अशी ती योजना होती.

याच सुमारास इंग्लंडांत ब्रॅडफर्ड विश्वविद्यालयांत टॉम किटवूड नांवाचे एक पंडित याच प्रश्नाचा विचार करीत होते. त्यांचा जन्म १९३७ चा. ते पूर्वीं अँग्लिकन पंथाचे दीक्षित धर्मगुरु होते, पुढें तें पद सोडून ते अध्यापनाकडे वळले. मेंदू झिजतो एवढ्यानेंच रुग्णाची दुर्दशा होते असें नाहीं, भोंवतालच्या माणसांच्या वागण्यानेंही ती वाढते, असा त्यांचा सिद्धान्त होता. ही माणसें दुष्ट असतात असें नाहीं. बहुधा तीं कामसू व प्रेमळच असतात. परंतु रुग्णासमोर रुग्णाविषयींच "तो" म्हणून बोलावयाचें, त्याला तान्ह्या मुलासारखें दटवावयाचें, त्याची चाल न पाहतां आपल्या घाईनें त्याला ओढीत न्यावयाचें, खोटें सांगून फसवावयाचें, त्याच्या हातचें काम काढून घ्यावयाचें, अशा बारीकसारीक वागणुकींची त्यांनीं यादीच केली. अशा प्रत्येक वागणुकीनें मनुष्याचें मनुष्यपण थोडें थोडें खरवडलें जातें. त्यांचे सहकारी तासन् तास रुग्णांच्या खोलींत शांत बसून दर पांच मिनिटांनीं टिपून ठेवीत कीं या माणसाची स्थिति आतां कशी आहे, तो रमला आहे, खिन्न आहे, कीं कोणी त्याच्याकडे पाहतही नाहीं. या रुग्णास सांत्वन हवें, जिव्हाळ्याचें माणूस हवें, चारचौघांत जागा हवी, हाताला काम हवें, आणि आपण कोण याची ओळख हवी, आणि या सर्वांच्या मध्यभागीं प्रेम हवें, असें किटवूड यांनीं १९९७ च्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. पुढच्याच वर्षीं ते वारले. हा विचार जपानांत रुजविणाऱ्यांत डॉ. हासेगावा अग्रभागीं होते. वृद्धांच्या शुश्रूषेचें संशोधन व शिक्षण यांसाठीं टोकिओ येथें जें केंद्र निघालें, त्याचे ते प्रमुख होते, आणि तेथून ही दृष्टि घेऊन शुश्रूषा करणारे लोक देशभर गेले.

यानंतरची एक गोष्ट शब्दाविषयीं आहे, व ती आपणांस लागू पडते. जपानी भाषेंत या आजारास "चिहो" असा शब्द होता. तो दोन चिन्हांनीं लिहितात. एकाचा अर्थ मूर्ख, दुसऱ्याचा अर्थ वेंधळा. आपल्या बापाला मूर्ख व वेंधळा ठरविणारा शब्द डॉक्टरच्या तोंडून ऐकावयाचा, म्हणून लोक डॉक्टरकडेच जात नसत. तेव्हां सरकारनें एक समिति नेमली. तींत डॉ. हासेगावा होते. लोकांचीं मतें मागविण्यांत आलीं, आणि डिसेंबर २००४ मध्यें तो शब्द सरकारी व्यवहारांतून काढून "निन्चिशो", म्हणजे आकलनाचा विकार, हा शब्द घेण्यांत आला. थोड्याच काळांत वर्तमानपत्रांत, इस्पितळांत, घरांत तोच रूढ झाला. आपणही "म्हातारा चळला," "म्हातारीला भूत लागलें" असें सहज बोलून जातों. शब्दानें माणूस घराबाहेर पडतो किंवा कोंडला जातो, हें आपण विसरूं नये.

परंतु बंधूंनो, नुसत्या गोड शब्दानें कोणाचें अंथरूण बदललें जात नाहीं. प्रेमाला व्यवस्थेची जोड लागते. जपानी लोकांनीं ती जोड दिली, ती कशी तें थोडक्यांत सांगतों. डिसेंबर १९९७ मध्यें तेथें दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचा कायदा झाला व १ एप्रिल २००० पासून तो अमलांत आला. चाळीस वर्षें पूर्ण झालेला प्रत्येक मनुष्य या विम्याची वर्गणी भरतो. निम्मा खर्च वर्गणींतून व निम्मा सरकारी करांतून भागतो. पासष्टीनंतर कोणासही मदतीची गरज पडली कीं त्यानें आपल्या नगरपालिकेकडे अर्ज करावयाचा. मग त्याची तपासणी होऊन गरजेची पायरी ठरते. अशा सात पायऱ्या आहेत. श्रीमंत कीं गरीब, मुलगे आहेत कीं नाहींत, हें मदतीच्या हक्काच्या आड येत नाहीं. बहुतेकांना सेवेच्या खर्चाचा दहावा हिस्सा स्वतः द्यावा लागतो, ज्यांची मिळकत मोठी त्यांना अधिक. त्या बदल्यांत घरीं येऊन न्हाऊं घालणारी बाई मिळते, दिवसाच्या केंद्रांत जागा मिळते, घरची माणसें थकलीं तर कांहीं दिवस रुग्णास ठेवून घेणारी संस्था मिळते, आणि ही सर्व जुळणी करून देणारा एक जाणता मनुष्य मिळतो.

ही व्यवस्था निर्दोष नाहीं. पासष्टीवरील माणसाची सरासरी मासिक वर्गणी आरंभीं २,९११ येन होती, ती २०२४ पासून ६,२२५ येन झाली आहे. सेवा करणारीं माणसें पुरत नाहींत. आई-बापांसाठीं नोकरी सोडावी लागणारे मुलगे व मुली अजूनही आहेत. तरी मूळ कल्पना पाहा: वृद्धाची सेवा हा एकट्या सुनेचा भोग नव्हे, तें सर्व समाजाचें ऋण आहे. आणि कायद्याच्या जोडीला लोकही उभे राहिले. २००५ सालापासून तेथें सामान्य नागरिकांस सुमारें दीड तासाचें शिक्षण देण्यांत येतें. दुकानदार, बँकेंतला कारकून, शाळेंतलीं मुलें, सर्वजण शिकतात कीं रस्ता चुकलेल्या वृद्धाशीं कसें बोलावें. असें शिकलेल्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली आहे.

आतां या चरित्राचा शेवटचा भाग. २०१७ सालीं, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षीं, डॉ. हासेगावांनीं जाहीर केलें कीं आपणांसच स्मृतिभ्रंश झाला आहे. अतिवृद्धपणीं होणारा व सावकाश वाढणारा असा तो एक प्रकार होता. घराबाहेर पडल्यावर कुलूप लावलें कीं नाहीं अशी शंका यावी, परत जाऊन पाहावें, आणि पाहून निघाल्यावर पुन्हां तीच शंका यावी, असें त्यांचें होऊं लागलें. ज्याचें माप त्यांनीं चाळीसांहून अधिक वर्षें इतरांना लावलें, तें आतां त्यांच्यावर आलें. लपविणें सहज शक्य होतें. त्यांनीं लपविलें नाहीं. आपण बोललों तर इतरांची लाज कमी होईल, असा त्यांचा विचार होता.

त्यानंतर त्यांनीं जें सांगितलें तें ग्रंथांतून मिळण्यासारखें नव्हतें. स्मृतिभ्रंश झाला म्हणून मनुष्य एका रात्रींत दुसरा होत नाहीं, कालचा तोच आज असतो. हा आजार अखंड एकसारखाही नसतो. सकाळीं मन स्वच्छ असतें, संध्याकाळपर्यंत तें थकतें व धुकें दाटतें. एकाच वेळीं अनेकजण बोलूं लागले तर समजत नाहीं. मला वगळून माझ्याविषयीं ठरवूं नका. मी उत्तर देईपर्यंत थांबा, कारण वाट पाहणें हीच ऐकण्याची अर्धी कला आहे. असा त्यांच्या सांगण्याचा सारांश होता.

एक प्रसंग तर मोठा शिकविणारा आहे. दिवसाच्या सेवाकेंद्राचा पुरस्कार ज्यांनीं आयुष्यभर केला, त्यांनाच आतां पत्नीला विसांवा मिळावा म्हणून अशा केंद्रांत जावें लागलें. तेथें त्यांचें मन रमेना. चारचौघांत बसूनही एकटें वाटतें, मला घरीं माझ्या पुस्तकांत जावयाचें आहे, असें ते म्हणूं लागले. हें सर्व जपानी दूरचित्रवाणीनें चित्रित केलें व २०२० सालीं लोकांनीं तें पाहिलें. कोणी म्हणेल, मग त्यांची शिकवण फुकट गेली. मला तसें वाटत नाहीं. घरच्या माणसास विसांवा हवा हेंही खरें, आणि रुग्णास आपलें घर हवें हेंही खरें. या दोन सत्यांत रोज तडजोड करावी लागते, आणि ती मान खालीं घालून, नम्रतेनें करावी लागते. पूर्वीं त्यांच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानें त्यांना म्हटलें होतें कीं, तुम्हीं स्वतः आजारी पडाल तेव्हांच तुमचें संशोधन पुरें होईल. तें तसेंच घडलें.

२०१८ सालीं त्यांचें मुलांसाठीं एक चित्रमय पुस्तक निघालें. त्यांतील आजी हळूहळू सर्वांना विसरते व घाबरते. तेव्हां नातवंड तिला धीर देतें कीं, तूं आम्हांला विसरलीस तरी आम्ही तुला ओळखतों, मग भिण्याचें कारण काय? बंधुभगिनींनो, ईश्वरविद्येचे जाड ग्रंथ मीं सेमिनरींत वाचले. परंतु बाप्तिस्म्याच्या अर्थाचें याहून सोपें स्पष्टीकरण मला माहीत नाहीं. आपण परमेश्वराला आठवतों म्हणून त्याचे झालों असें नाहीं. त्यानें आपणांस आधीं ओळखलें. बाप्तिस्म्याचा ठसा आत्म्यावर उमटतो, स्मरणशक्तीवर नव्हे, म्हणून स्मरणशक्ति गेली तरी तो पुसला जात नाहीं. यशया संदेष्ट्याच्या मुखानें प्रभूनें हेंच सांगितलें आहे कीं, आई आपल्या तान्ह्याला एक वेळ विसरेल, पण तो विसरणार नाहीं. आणि सीराखच्या पुत्राच्या ग्रंथांत, तिसऱ्या अध्यायांत, बापाची बुद्धि गेली तरी त्याला सांभाळून घे, आपल्या अंगीं बळ आहे म्हणून त्याला तुच्छ लेखूं नको, अशी स्पष्ट आज्ञा आहे. म्हणजे हा आजार त्या पुरातन ऋषीलाही ठाऊक होता, आणि "समजत नाहीं" ही सबब त्यानें तेव्हांच फेटाळून लावली होती. ती सबब मीं पुढें केली, हें माझें पाप.

तुम्ही म्हणाल, फादर, जपान श्रीमंत देश, आपण काय करणार? आपल्या देशांत असा विमा नाहीं, हें खरें. २००७ च्या कायद्यानें आई-बापांचा सांभाळ करणें मुलांवर बंधनकारक केलें आहे. २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांस इस्पितळांतील उपचारांसाठीं पांच लक्ष रुपयांपर्यंत सरकारी संरक्षण मिळूं लागलें आहे. परंतु घरीं वर्षानुवर्षें चालणारी शुश्रूषा यांपैकीं कशांतही बसत नाहीं. तथापि गरिबांच्या घरींही काय करतां येतें, याचा पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यानेंच दिला आहे. तेथें डॉ. अमित डायस व त्यांचे सहकारी यांनीं ८१ कुटुंबांचा अभ्यास केला, व तो २००८ सालीं प्रसिद्ध झाला. ज्या कुटुंबांना मदत द्यावयाची ठरली त्यांच्या घरीं सहा महिने माणसें जात. तीं मोठीं डॉक्टर नव्हतीं. गांवांतलींच, पण शिकवून तयार केलेलीं व तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं काम करणारीं होतीं. आजार म्हणजे काय हें तीं समजावून सांगत, न्हाणें-जेवण कसें सोपें करावें तें दाखवीत, आणि मुख्य म्हणजे सेवा करणाऱ्याचें दुःख ऐकून घेत. परिणाम असा दिसला कीं, सेवा करणाऱ्यांच्या मनावरचा ताण निश्चितपणें हलका झाला. महागडें यंत्र नाहीं, मोठी इमारत नाहीं. दारांत येणारें एक माणूस, एवढेंच.

असें दारांत येणारें माणूस हा धर्मग्राम देऊं शकत नाहीं काय? येथें पन्नास वर्षें आपण एकमेकांच्या लग्नांत मांडव घातले, मयतांत खांदे दिले. परंतु ज्या घरांत बाप जिवंतपणींच दूर दूर जात आहे, मुलगे कुवेतला किंवा कॅनडाला आहेत, आणि एकटी सून रात्रभर जागी आहे, त्या घराकडे आपली पावलें वळत नाहींत. म्हणून महोत्सवाची आठवण म्हणून संगमरवरी पाटीच्या आधीं मी तुमच्याकडे चार गोष्टी मागतों.

पहिली, अशा घरांचीं नांवें मला कळवा. तीं चव्हाट्यावर जाणार नाहींत. दुसरी, प्रत्येक वाडींतून चार-पांच जणांनीं पुढें यावें. एखाद्या जाणत्या डॉक्टरकडून त्यांना शिक्षण देण्याची व्यवस्था मी करीन. त्यांनीं आठवड्यांतून दोन तास अशा घरीं बसावें, म्हणजे त्या घरच्या बाईला बाजारास जातां येईल, मिस्साला येतां येईल, निदान झोपतां येईल. तिसरी, तरुणांनो, सेवा ही बायकांचीच, ही समजूत सोडा. बापाला न्हाऊं घालणें हें मुलाचें काम आहे. आणि चौथी, रुग्णांना मिस्साला आणा. ते मध्येंच उठले, मोठ्यानें बोलले, तरी कोणीं मागें वळून पाहूं नये. जपमाळ सुरू झाली कीं, आपल्या लेकाचें नांव विसरलेली म्हातारीसुद्धां पुष्कळदां "नमो मरिया" बरोबर म्हणूं लागते, हें तुम्हीं पाहिलें असेल. जें लहानपणीं ओठांवर बसलें तें शेवटीं राहतें. ज्याच्या ओठांवर तेंही राहिलें नसेल, त्याच्यासाठीं तें आपण म्हणूं. माझ्याकडून मी एवढें वचन देतों कीं, पहिल्या शुक्रवारीं मी प्रत्येक अशा घरीं जाईन, मला कोणी ओळखो वा न ओळखो.

वेदीवर आपण रोज जें करतों तें प्रभूच्या स्मरणार्थ करतों. तें स्मरण एकट्याचें नसतें, सर्व ख्रिस्तसभेचें असतें. ज्याचें स्मरण दुबळें झालें त्याला बाकीच्यांनीं आपल्या स्मरणांत उचलून धरावयाचें असतें. छपरावरून दोर सोडून त्या पक्षघाती मनुष्याला त्याच्या मित्रांनीं प्रभूपुढें उतरविलें, तेव्हां प्रभूनें त्या मित्रांचा विश्वास पाहिला, असें शुभवर्तमान सांगतें. आपल्या वृद्धांना असे चार मित्र हवे आहेत.

आज येथें बसलेल्या आपल्यांपैकीं कोणावर पुढें ही पाळी येईल हें कोणास ठाऊक? कदाचित् माझ्यावरही येईल. त्या दिवशीं मी हें मंदिर विसरेन, तुमचीं तोंडें विसरेन, मिस्साचे शब्दही विसरेन. तेव्हां तुमच्यापैकीं कोणी तरी माझ्याजवळ बसून माझें नांव घ्यावें, एवढीच माझी मागणी आहे. आणि जे आज त्या स्थितींत आहेत त्यांच्याजवळ आपण आजच जाऊन बसूं या.

पवित्र मरियामाता, आजाऱ्यांचें आरोग्य, आपणां सर्वांसाठीं विनंति करो. परमेश्वर तुमचें व तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांचें कल्याण करो. आमेन.